शी रोखून धरणारं मूल हट्टी नसतं

मे महिना संपत आला की माझ्या दवाखान्यात दरवर्षी एक ठरावीक तक्रार येऊ लागते. तिचा उन्हाळ्याशी किंवा पहिल्या पावसाशी काही संबंध नाही. संबंध आहे तो जूनमध्ये उघडणाऱ्या शाळांशी. अडीच-तीन वर्षांचं मूल, रडवेली आई, गप्प बसलेले वडील आणि आईच्या मोबाइलवर शाळेचा मेसेज: ‘प्रवेश घेतलेले मूल शाळा सुरू होण्यापूर्वी डायपरमुक्त असावे.’

या वर्षीची पहिली मुलगी दोन वर्षं दहा महिन्यांची होती. आई सांगत होती, “पाच दिवस झाले सर, शीच केली नाही. पॉटीवर बसवलं की किंचाळते. उतरवलं की पडद्यामागे जाऊन उभी राहते, पाय आवळते, लाल होते, घाम फुटतो. एवढा जोर लावते, पण होत नाही. आणि चड्डीला मात्र दिवसभर पातळ डाग.”

मुलीला टेबलावर झोपवलं आणि पोटाला हात लावला. पोटाच्या डाव्या बाजूला, खालच्या भागात, बोटांना मातीच्या गोळ्यासारखं कडक काहीतरी लागलं. ते काय आहे ते लगेच कळलं. फ्रॉक सारखा करताना मांडीवर चार बोटांचे वळ दिसले. तेही कळलं. मी वडिलांकडे पाहिलं. चांगला शिकलेला, सभ्य माणूस. खाली बघत म्हणाला, “काल तास-दीड तास बसवली होती सर. काही केलं नाही. उठवली तर दोन मिनिटांत चादर खराब केली. हात उठला.”

त्या माणसाला मी त्या दिवशी जे बोलायचं ते बोललो. इथे मला भांडायचंय ते दुसऱ्याशी. त्या मेसेजशी, आणि आपण सगळ्यांनी मिळून मान्य करून टाकलेल्या एका वाक्याशी: ‘कळतं सगळं, पण मुद्दाम करत नाही.’

माझं म्हणणं असं आहे की पॉटीवर शी करायला नकार देणाऱ्या पुष्कळ मुलांना आधी कधीतरी शी करताना दुखलेलं असतं. ज्याला दुखतं त्याला शिस्त लावायची नसते, त्याच्यावर उपचार करायचे असतात. आणि उपचार लागू पडेपर्यंत ट्रेनिंग बंद ठेवायचं असतं, शाळेची तारीख काहीही असो.

जोर लावतंय की रोखतंय?

वर त्या आईने केलेलं वर्णन पुन्हा वाचा. पडद्यामागे जाणं, पाय एकमेकांवर घट्ट दाबणं, टाचा उचलून ताठ होणं, चेहरा लाल होणं, घाम. जवळजवळ प्रत्येक घरात याचा अर्थ एकच लावला जातो: बिचारं कुंथतंय, पण होत नाहीये. खरं तर बहुतेक वेळा नेमकं उलटं चाललेलं असतं. कुंथणारं मूल गुडघ्यात वाकतं, उकिडवं बसतं. पाय आवळून ताठ उभं राहणारं मूल शी बाहेर काढत नसतं, ते शी आत ढकलत असतं. तुमचं मूल यातलं काय करतं ते एकदा नीट बघा, निम्मं निदान तिथेच होतं.

हे त्याला जमतं कसं, ते सांगतो. गुदद्वाराभोवती दोन स्नायू असतात. आतला आपोआप चालतो, त्यावर आपला ताबा नाही. बाहेरचा आपल्या इच्छेने आवळता येतो. मोठ्या आतड्यातून शी खाली गुदाशयात आली की भिंत ताणली जाते, कळ येते, आतला स्नायू सैल पडतो. आता बाहेरचा स्नायू सोडायचा की आवळायचा, हे आपण ठरवतो. बाहेरचा आवळून धरला की थोड्या वेळाने कळ ओसरते. तुम्ही-आम्ही बसमध्ये किंवा लग्नाच्या पंगतीत हेच करतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला हे नव्यानेच समजलेलं असतं.

समजा, एखाद्या आठवड्यात ताप आला, पाणी कमी गेलं, प्रवास झाला, जेवण सुटून नुसतं दूध-बिस्किटावर राहिलं, आणि शी घट्ट झाली. ती बाहेर पडताना गुदद्वाराला बारीकशी चीर पडते. मोठ्या माणसालाही रडवणारी ती वेदना आहे. मुलाने त्यातून एक साधा निष्कर्ष काढला: शी आली की दुखतं. म्हणून शी येऊच द्यायची नाही. एक दिवस रोखली, दोन दिवस रोखली. मोठ्या आतड्याचं कामच मुळी पाणी शोषून घेण्याचं. शी जितकी जास्त वेळ आत राहील तितकी कोरडी, जाड आणि कडक. चौथ्या दिवशी ती बाहेर पडते तेव्हा आधीपेक्षा जास्त दुखतं. मुलाचा निष्कर्ष पक्का होतो. पुढच्या वेळी ते आणखी जोरात रोखतं.

हे काही आठवडे चाललं की गुदाशय ताणून सैल होतं. त्याला कळ येणंच कमी होतं. आत मोठा गोळा बसलेला असतो आणि त्याच्या कडेने वरची पातळ शी झिरपत राहते. हेच ते चड्डीला लागणारे डाग. मुलाला ते जाणवतसुद्धा नाही. घरच्यांना वाटतं जुलाब होताहेत, किंवा वाटतं की खेळण्याच्या नादात लबाडी करतंय. दोन्ही चुकीचं. या मुलाला जुलाब थांबवण्याचं औषध दिलं तर काय होईल, याची कल्पना करा.

कल्पना करायची गरज नाही, मी सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी चार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे हीच तक्रार घेऊन आला होता. दिवसातून सात-आठ वेळा चड्डी खराब. मी घाईत होतो. पोटावर नीट हात ठेवला नाही. जुलाबाचं औषध लिहिलं आणि वर आईला म्हणालो, “लाडावलाय, जरा धाक दाखवा.” डॉक्टरांनीच सांगितलं म्हटल्यावर घरात धाक सुरू झाला. शी लागलेल्या चड्डीसकट त्याला अंगणात उभं करून, शेजारपाजारच्या मुलांसमोर, गार पाण्याने धुवायचे. तीन-चार महिन्यांनी तो थंडी वाजून ताप आला म्हणून परत आला. लघवीत जंतुसंसर्ग होता. शीच्या गोळ्याचा दाब मूत्राशयावर पडला की लघवी पूर्ण होत नाही, साचून राहते, आणि मग असं होतं. त्या वेळी पोट तपासलं. गोळा बेंबीपर्यंत पोचला होता. ते मूल तीन-चार महिने जे सोसत होतं, त्याची चिठ्ठी माझ्या हाताने लिहिलेली होती. म्हणून आता हे वाक्य कोणी बोललं की मला राग येतो, आणि त्यात थोडा माझ्यावरचाही असतो.

नकार आधी की खडा आधी?

काही जण म्हणतात, “डॉक्टर, खडा धरतो तो हट्ट केल्यामुळेच ना? आधी हट्ट, मग खडा.” हा प्रश्न योग्य आहे आणि तो तपासून पाहिला गेला आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बालरोगतज्ज्ञांनी शेकडो मुलांच्या ट्रेनिंगचा सुरुवातीपासून माग ठेवला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असं दिसलं, की ज्या मुलांना घट्ट शीचा त्रासही होता आणि पॉटीला नकारही होता, त्यांच्यातल्या बहुतेकांना घट्ट शी आधी सुरू झाली होती, नकार नंतर आला. त्याच गटाच्या १९९७ सालच्या आधीच्या पाहणीत ४८२ मुलांपैकी १०६ मुलांनी, म्हणजे साधारण पाचातल्या एकाने, निदान महिनाभर पॉटीवर शी करायला नकार दिला होता. शू पॉटीत, शी मात्र डायपरमध्येच. पाचातलं एक! तुमच्या इमारतीत खाली खेळणारी मुलं मोजा. फक्त कोणी बोलत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली. कसून ट्रेनिंग, म्हणजे मुलाला दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा ‘चल पॉटीवर’ म्हणणं, हे सव्वादोन वर्षांच्या आधी सुरू केलं तर ट्रेनिंग लवकर संपत नाही, नुसतं लांबतं. म्हणजे आईची धावपळ जास्त महिने, मुलाची रडारड जास्त महिने, आणि डायपर सुटतो जवळजवळ तेव्हाच.

‘आमच्या वेळी सहा महिन्यांत शिकायची’

हे वाक्य आज्या ऐकवतात, आणि खोटं नाही. आपल्याकडे बाळाला पायांवर बसवायची जुनी पद्धत आहे. आई किंवा आजी पाय लांब करून बसते, दोन पावलांच्या मध्ये बाळाला टेकवते, पाठीला गुडघ्यांचा आधार, आणि तोंडाने ‘शू… शू…’ आवाज. अंगावर पाजून झालं की बसवायचं, झोपेतून उठलं की बसवायचं. पोट भरलं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, त्यामुळे नेमकी त्याच वेळी शी होते. पाश्चात्त्य डॉक्टरांना याचं फार नवल वाटलं होतं. १९७७ साली पूर्व आफ्रिकेतल्या डिगो जमातीबद्दल एक प्रसिद्ध लेख आला. तिथल्या आया साधारण अशाच रीतीने पाच-सहा महिन्यांच्या बाळांना सवय लावतात, असं त्यात होतं.

पण यात शिकतं कोण? शिकते आजी. बाळाच्या चेहऱ्यावरून, चुळबुळीवरून तिला वेळ कळते आणि ती त्याला उचलते. बाळाने स्वतः ओळखणं, सांगणं, जागेपर्यंत रोखणं आणि तिथे जाऊन सोडणं, हे पुढे दोन-तीन वर्षांचं झाल्यावरच येतं, आजीच्या वेळीही तसंच होतं. तरीही ती पद्धत मला आवडते. त्यात वेळ होता, मांडी होती, आणि कोणी कोणावर चिडत नव्हतं. नाही केली तर बाळाला उचलून घ्यायचे, इतकंच. खेड्यांत तर नुसतं झबलं घालून अंगणात हिंडणारं पोर चार मोठ्या मुलांचं बघून आपोआप शिकायचं. पोराला ‘ट्रेनिंग’ दिलं, असं कोणाला वाटतही नसे. (जाता जाता: ‘लहान मुलाची शी ती काय घाण’ हा समज मात्र चुकीचा. तिच्यातही जंतू असतातच. अंगणातली काय किंवा डायपरमधली काय, ती संडासातच टाकायची आणि हात साबणाने धुवायचे.)

आज त्या आजीचा दाखला कोणाला दिला जातो? सकाळी साडेआठची गाडी पकडणाऱ्या सुनेला. मुलाला दिवसभर पाळणाघरात ठेवून संध्याकाळी दोन तासांत ‘ट्रेनिंग’ देणाऱ्या आईला. आजी, तुमच्याकडे वेळ आणि मांडी असेल तर जरूर बसवा. नुसता टोमणा असेल तर तो देऊ नका, त्याने शी सुटत नाही.

मोबाइलवर ‘तीन दिवसांत डायपर बंद’ सांगणाऱ्यांबद्दल थोडक्यात बोलतो. ही कल्पना नवी नाही. ॲझरिन आणि फॉक्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली ‘एका दिवसाहून कमी वेळात’ असं शीर्षकात म्हणणारं पुस्तक काढलं होतं. त्यांनी आधी ही रीत संस्थांमध्ये राहणाऱ्या मतिमंद प्रौढांसाठी बसवली होती, मग मुलांसाठी. भरपूर पाणी-सरबत पाजायचं, पुन्हापुन्हा बसवायचं, केली की बक्षीस. तयार असलेल्या, शी मऊ असलेल्या मुलात ती चालतेही. पण ज्याला शी करताना दुखतंय त्याला तीन दिवस घरात कोंडून पुन्हापुन्हा पॉटीवर बसवलं, तर चौथ्या दिवशी ते माझ्याकडे येतं.

शाळेने काय करावं

शाळांची बाजू मी ऐकून घेतली आहे. एका वर्गात पंचवीस मुलं, एक शिक्षिका आणि दोन वर्गांत मिळून एक मावशी. त्या मावशीने पोळीचे डबे उघडून द्यायचे, नाकं पुसायची, फरशी पुसायची आणि शीसुद्धा धुवायची. तिला मिळणारा पगार मी विचारला आहे, इथे लिहीत नाही. ती कंटाळते, हे मला समजतं.

पण मग उत्तर काय? अजून एक मावशी नेमणं, की तीन वर्षांच्या मुलाच्या आतड्याला तारीख देणं? राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने खाजगी प्ले स्कूलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दर वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असावी, असं त्यात आहे. प्रवेशाच्या वेळी फीचा तक्ता विचारता ना, तेव्हा हेही विचारा. मुलांच्या उंचीचा संडास आहे का, दाराला आतून कडी नाही ना, मूल म्हणालं तर मधेच सोडता का, हे बघून या. मी काही पालकांना सांगून बघायला लावलं. एकीने पाहिलं की मुलांना मोठ्या माणसांच्या भारतीय संडासावर बसवतात. लहानगं पाय फाकवून भांड्यावर उभं, खाली काळं भोक, दिवा लागत नाही. त्या शाळेतली मुलं सकाळपासून दुपारपर्यंत शू रोखून धरतात आणि घरी आल्यावर दारातच सोडतात, याचं तिथे कोणालाच काही वाटत नव्हतं.

सगळ्यात वाईट म्हणजे शी झाली की आईला फोन करून बोलावणं, आणि ती येईपर्यंत मुलाला तसंच कोपऱ्यात बसवणं. ‘त्याला कळावं म्हणून.’ त्याला जे कळतं ते असं की शी ही भयंकर गोष्ट आहे आणि ती इथे होता कामा नये. म्हणजे पुन्हा रोखणं आलं. शिस्तीच्या नावाखाली आपण तो आजार शिकवतो.

मग करायचं काय?

शी घट्ट असेल, लेंड्यांसारखी किंवा इतकी जाड की बघून आश्चर्य वाटावं अशी असेल, मूल पाय आवळून रोखत असेल, चड्डीला डाग असतील, तर आधी पॉटी उचलून माळ्यावर ठेवा. खरोखरच. ‘चल बसू’ हा शब्द महिना-दोन महिने घरात उच्चारू नका. मूल डायपर मागत असेल शीसाठी, तर द्या. यावर आया दचकतात, “पण मग सवय कशी सुटणार?” शी कुठे होते यापेक्षा ती रोज, मऊ आणि न दुखता होणं आज जास्त महत्त्वाचं आहे. डायपर मागणाऱ्या मुलाला कळ ओळखता येते, सांगता येतं, डायपर येईपर्यंत थांबता येतं. म्हणजे ट्रेनिंगचं अवघड काम झालेलंच आहे. उरलीय ती फक्त जागा.

मग डॉक्टरांकडे जाऊन पोट तपासून घ्या. आत गोळा साचला असेल तर आधी तो काढावा लागतो, आणि हल्ली बहुतेक वेळा तो तोंडाने घ्यायच्या औषधानेच निघतो. त्यानंतर शी मऊ ठेवणारं औषध रोज चालू राहतं. पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर पाण्यात विरघळवून देतात, किंवा लॅक्टुलोजचं गोड पातळ औषध. ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात, बस. त्यांनी आतडं आळशी होत नाही, सवय लागत नाही. किती द्यायचं ते मुलाच्या वजनावर आणि शीच्या घट्टपणावर ठरतं, म्हणून शेजारच्यांना विचारून देऊ नका. निदान दोन महिने, बऱ्याचदा त्याहून जास्त, आणि त्रास पूर्ण थांबल्यावरही महिनाभर द्यायचं असतं. दहा दिवसांत शी छान झाली म्हणून आईने औषध बंद केलं, आणि तीन आठवड्यांत सगळं मूळपदावर, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता चिठ्ठीवर लाल पेनाने लिहितो: ‘बरं वाटलं तरी चालू’. ताणलेल्या गुदाशयाला पूर्ववत व्हायला वेळ लागतो, आणि मुलाला ‘आता दुखत नाही’ यावर विश्वास बसायला त्याहून जास्त.

एक कळकळीची विनंती. साबणाची कांडी, तेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ, रोज उठून एनिमा, हे करू नका. ज्या जागेची मुलाला भीती बसली आहे त्याच जागी, दोघांनी हातपाय धरून, आपण काहीतरी घालतो. शी होते, भीती दुप्पट होते. एरंडेलही नको, त्याने पोटात मुरडा येतो.

खाण्यात पहिली गोष्ट दुधाची. दोन-तीन वर्षांची किती तरी मुलं दिवसाला लिटरभर दूध पितात आणि आई म्हणते, “जेवतच नाही.” जेवेल कसं? दूध अर्ध्या लिटरच्या आत आणा. बाटली असेल तर तीही सोडवा. मग भाकरी-पोळी, वरण, भाजी, पपई, पेर आपोआप पोटात जायला लागतं. बिस्किटं आणि टोस्ट घरात आणूच नका, आणलीत तर मागणारच. पण नुसत्या पालेभाजीने जुना खडा सुटेल, अशी आशा धरू नका. त्यासाठी औषधच लागतं.

शी काही आठवडे मऊ आणि बिनदुखी झाली, की हळूहळू पुढे. आधी डायपर बांधूनच, पण शी बाथरूममध्ये करायची. मग डायपर बांधून पॉटीवर बसायचं. मग डायपर नुसता खाली अंथरलेला. पुढे तोही नाही. जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, जास्त नाही. पाय टेकलेले हवेत, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर. कमोडवर बसवत असाल तर पायाखाली पाट किंवा उपडी बादली ठेवा. लोंबकळत्या पायांनी मोठ्या माणसालाही होत नाही. केली तर ‘छान’ म्हणा आणि विषय संपवा. नाही केली तर तेवढ्याच शांतपणे उठवा. रात्रीचा डायपर हा वेगळाच विषय आहे. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुलं अजून अंथरूण ओलं करतात, त्याची आत्ता काळजी नको.

काही वेळा मात्र ही नेहमीची मलावरोधाची गोष्ट नसते. जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला ४८ तासांहून जास्त लागले होते, पहिल्या महिन्यापासूनच शीचा त्रास आहे, पोट फुगून हिरव्या उलट्या होतात, वजन-उंची वाढत नाही, पाय अशक्त आहेत किंवा चाल बदलली आहे, शीत वारंवार रक्त दिसतं, यातलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

त्या मुलीच्या शाळेसाठी मी त्या दिवशी एक चिठ्ठी लिहून दिली. आता ती टाइप करून ठेवली आहे, कारण दिवाळीनंतर पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू होतील. मजकूर असा: ‘या बालिकेवर मलावरोधासाठी उपचार चालू आहेत व ते काही महिने चालतील. या काळात तिला डायपर वापरण्याची मुभा असावी. ती मागेल तेव्हा तिला स्वच्छतागृहात जाऊ द्यावे. शी-शूवरून तिला रागावू नये व वर्गासमोर त्याचा उल्लेख करू नये.’ तुमच्या डॉक्टरांकडून अशीच लिहून घ्या. कोणी नाही म्हटलं तर हा लेख दाखवा.

शाळेने ती चिठ्ठी घेतली नाही. ‘नियम सगळ्यांना सारखा,’ म्हणाले, आणि भरलेली फीही परत दिली नाही. मुलगी या वर्षी घरीच आहे, दुपारी आजीजवळ. गणपती झाल्यावर वडील तिला घेऊन औषधाची पावडर संपली म्हणून आले होते. अजून ती शीसाठी डायपर मागते, पण आता पडद्यामागे जात नाही. बाथरूमच्या दारात उभी राहून ओरडते, “बाबा, आण!” आणि ते आणून देतात.